सेपरेटर बसला, पारा अडला का?

दातातली जुनी चांदीची फिलिंग काढताना डॉक्टरांचा एअरोटर, म्हणजे दात कोरायचे वेगवान यंत्र, त्या राखाडी धातूवर फिरत असतो, सोबत पाण्याचा फवारा सुरू असतो आणि ओठाच्या कोपऱ्यात अडकवलेली सक्शनची नळी जे येईल ते ओढून घेत असते. लाळ, रक्त, दाताचा भुगा, धातूचे तुकडे, धातूची पूड, सगळे एकत्र. चूळ भरून रुग्ण उठतो आणि त्याच्यापुरता विषय संपतो. नळीने ओढलेले मात्र पाइपातून पंपाकडे, पंपाकडून गटारात आणि तिथून सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे निघालेले असते. चांदीची म्हटली जाणारी ही फिलिंग अमाल्गम नावाच्या मिश्रधातूची असते आणि वजनाने जवळपास निम्मी पारा असते. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबे. मध्यम आकाराच्या एका फिलिंगमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पारा भरतो.

हा पारा गटारात पोहोचू नये म्हणून सक्शनच्या वाटेवर जे उपकरण बसवतात, तो अमाल्गम सेपरेटर. अमेरिकेत आणि युरोपीय संघात तो सक्तीचा आहे. जगाच्या बऱ्याच भागांत अजून डॉक्टरांच्या मर्जीवर आहे. तो सगळीकडे सक्तीचा व्हायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण यंत्र बसले की नाही एवढेच विचारून थांबणारा कायदा अर्धवट आहे. दवाखान्यातून वर्षभरात किती पारा परत हाती आला, हे विचारणारा कायदा हवा. अमाल्गमचा वापर जगभर बंद होत चालला आहे, आणि त्यामुळे ही निकड कमी होत नाही, वाढते.

हे पटवून द्यायचे तर आधी यंत्राचे काम नीट समजून घ्यावे लागेल.

सक्शनच्या वाटेवर पहिली अडवणूक चेअरच्या बाजूलाच असते. झाकण फिरवून उघडले की आत प्लॅस्टिकची छोटी जाळीदार वाटी निघते. कापसाचे धागे, दाताचे पांढरे कपचे आणि त्यांच्यात चमकणारे राखाडी खडे, असा ऐवज तिच्यात साचलेला असतो. जाळीची छिद्रे साधारण ०.७ मिलिमीटरची, म्हणजे डोळ्यांना सहज दिसतील असेच तुकडे इथे अडकतात. पुढे पंपाच्या तोंडाशी आणखी बारीक जाळी असते. या दोन्ही जाळ्या मिळून सुमारे ७८ टक्के अमाल्गम अडवतात, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने धरला होता. उरलेल्यात मुख्यतः पूड असते आणि खरा प्रश्न त्या पुडीचाच आहे. तेवढेच वजन दसपट बारीक कणांत विभागले तर त्याचा उघडा पृष्ठभाग दसपट होतो, आणि धातू विरघळायचा असो की कशाशी प्रक्रिया करायचा असो, ते पृष्ठभागावरूनच घडते.

सेपरेटर या पुडीसाठी असतो. बहुतेक सेपरेटर एका साध्या गोष्टीचा फायदा घेतात: अमाल्गम पाण्यापेक्षा अकरा-बारा पट जड असतो. सक्शनमधून हवा आणि पाणी एकत्र येते. आधी हवा बाजूला काढायची, मग पाणी एका डब्यात आणून त्याचा वेग मोडायचा आणि त्याला निवळू द्यायचे. जड पूड तळाशी बसते, वरचे पाणी पुढे जाते. याला ना वीज लागते, ना फिरणारे भाग.

निवळायला वेळ मात्र लागतो, आणि किती लागतो हे कणाच्या आकारावर ठरते. कण दहापट लहान झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग शंभर पटीने घटतो. हिशेब मांडून पाहिला तर स्थिर पाण्यात १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अमाल्गमचा कण १० सेंटिमीटर खाली यायला सुमारे तीन मिनिटे घेतो. कण एक मायक्रॉनचा असेल तर त्याच अंतराला जवळपास पाच तास. हे झाले पाणी अजिबात हलत नसताना. दवाखाना भर जोरात चालू असताना डब्यातले पाणी असे शांत कुठून असणार? दोन-तीन चेअरवरून लोंढे येत असतात, आणि प्रत्येक लोंढ्याबरोबर तळाचा गाळ पुन्हा उसळण्याची भीती असते. म्हणूनच काही यंत्रे दिवसभराचे पाणी साठवतात, रात्रभर निवळू देतात आणि सकाळी वरचे पाणी सोडतात. काही यंत्रे उलट मार्ग धरतात आणि पाणी जोरात फिरवून जड कण कडेला फेकतात. काहींत गाळण असते. पाण्यात विरघळून गेलेला पारा यांपैकी कशानेच हाती लागत नाही. त्यासाठी पारा धरून ठेवणारे राळेचे मणी भरलेला वेगळा टप्पा जोडावा लागतो, आणि तो सगळ्या यंत्रांत नसतो.

आयएसओ १११४३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सेपरेटरने वजनाच्या हिशेबाने किमान ९५ टक्के अमाल्गम अडवला पाहिजे. आकडा ऐकायला भक्कम आहे, आणि अशी चाचणी असणे ही मोठी गोष्ट आहे हे मी मानतो. पण ती प्रयोगशाळेत, ठरवून दिलेल्या आकारांचे अमाल्गमचे कण पाण्यात सोडून घेतात. त्या नमुन्यात भरड कणही असतात, आणि वजनाचा मोठा वाटा भरड कण पटकन भरून काढतात. दवाखान्यात भरड माल चेअरजवळच्या जाळीत आधीच अडलेला असतो. सेपरेटरपर्यंत येतो तो बारीक माल. तेव्हा ९५ टक्के ही यंत्राची पात्रता झाली. त्या दवाखान्याच्या गटाराची स्थिती त्यावरून कळत नाही.

पात्रता आणि प्रत्यक्ष यांतले अंतर कुठे पडते, ते या कामाच्या जवळ असलेल्यांना ठाऊक असते. सर्वांत मोठे कारण भरलेला डबा. निवळण्याचा डबा गाळाने भरत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आणि बऱ्याच रचनांत डबा तुंबला तर पाणी वळसा घालून सरळ पुढे जाते, कारण सक्शन मध्येच बंद पडून चालत नाही. चेअरवरच्या माणसाला काहीच फरक जाणवत नाही. सक्शन छान ओढते, यंत्र जागेवर असते, कागदावर सगळे ठीक असते, आणि पारा यंत्राला बगल देऊन गटाराकडे चाललेला असतो.

दुसरे कारण स्वच्छतेचे. सक्शनच्या पाइपांत लाळ, रक्त आणि जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, त्याला वास येतो, म्हणून रोज संध्याकाळी पाइप धुवावे लागतात. त्यासाठी कुणी ब्लीच वापरले तर घोळ होतो. क्लोरीनयुक्त आणि एकूणच ऑक्सिडीकरण करणारी द्रावणे अमाल्गममधला पारा विरघळवतात. पाइपाला चिकटलेली आणि डब्याच्या तळाशी महिनोन् महिने जमवलेली पूड घट्ट धातूच्या रूपात होती, तिच्यातला पारा आता पाण्याबरोबर वाहू लागतो. निवळण्याच्या यंत्राला तो अडवता येत नाही. अमेरिकेच्या नियमात म्हणूनच अशा द्रावणांवर आणि पीएच ६ पेक्षा कमी किंवा ८ पेक्षा जास्त असलेल्या द्रावणांवर स्पष्ट बंदी आहे. माझ्या मते संपूर्ण नियमातले हे सर्वांत शहाणपणाचे कलम आहे, आणि पाळले जाते की नाही हे बाहेरून ओळखणे सर्वांत अवघडही याच कलमाचे.

तिसरे कारण अगदी साधे. असिस्टंट चेअरजवळची ती जाळीदार वाटी काढतो, बेसिनच्या नळाखाली धरतो आणि स्वच्छ धुऊन परत बसवतो. बेसिन सेपरेटरला जोडलेले नसते. भिंतीवर कितीही उत्तम यंत्र असले तरी ७८ टक्क्यांतला आपला वाटा अडवणारी ती वाटी नळाखाली रिकामी झाली की सगळे मुसळ केरात. यात त्या असिस्टंटला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला नीटनेटकेपणा शिकवला, पारा कुणी शिकवला नाही.

या तिन्ही गोष्टी यंत्राच्या बाहेरच्या आहेत, आणि बहुतेक नियम यंत्राशी येऊन थांबतात. अमेरिकेचा नियम १५ डिसेंबर २०१६ रोजी अंतिम झाला, पण जानेवारीत सरकार बदलताच प्रसिद्धीआधी मागे घेतला गेला. एक पर्यावरण संघटना न्यायालयात गेली, आणि जून २०१७ मध्ये तो अखेर प्रसिद्ध झाला. जुन्या दवाखान्यांना १४ जुलै २०२० पर्यंत मुदत मिळाली. त्यामागचा हिशेब असा होता की सुमारे १,०३,००० दवाखाने अमाल्गम वापरतात किंवा काढतात, त्यांच्यामार्फत वर्षाला ५.१ टन पारा सार्वजनिक सांडपाणी केंद्रांत जातो, आणि तो अडवायला दवाखान्यामागे वर्षाला सरासरी ८०० डॉलर खर्च येईल. हा नियम चांगला आहे. यंत्राची तपासणी, डबा उत्पादकाने सांगितलेल्या वेळी किंवा त्याआधी भरला तर तेव्हाच बदलणे, नोंदी तीन वर्षे जपणे, हे सगळे त्यात आहे. पण दवाखान्याने सरकारला कळवायचे ते फक्त एकदाच: यंत्र बसवले, नियम पाळतो. त्यानंतरच्या नोंदी दवाखान्याच्या कपाटात राहतात, कुणी मागितल्या तर दाखवायच्या. एक लाखाहून जास्त कपाटे उघडून पाहायला कोण जाणार?

युरोपीय संघाचे २०१७ चे पारा नियमन एका बाबतीत फार नेमके आहे. जिथे अमाल्गम भरतात एवढेच म्हणून ते थांबत नाही. जिथे अमाल्गमची फिलिंग किंवा तशी फिलिंग असलेला दात काढतात, तिथेही सेपरेटर हवा, असे ते सांगते. १ जानेवारी २०२१ पासून वापरातला प्रत्येक सेपरेटर ९५ टक्के अडवणारा असला पाहिजे, अशी अट आहे. भरणे आणि काढणे यांतला हा फरक ओळखणे पुढच्या काळासाठी कळीचे आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वजनदार आहे: जगात हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा लहान प्रमाणावरच्या सोन्याच्या खाणकामाचा, त्याखालोखाल कोळसा जाळण्याचा, दातांचे डॉक्टर त्यात कुठे बसतात? हवेबद्दल हे खरेच आहे. शहरी सांडपाण्यात चित्र वेगळे दिसते. सार्वजनिक सांडपाणी केंद्रांत येणाऱ्या पाऱ्याचा मुख्य स्रोत दातांचे दवाखानेच, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेच नोंदवले आहे. आणि केंद्रात आलेल्या पाऱ्यापैकी सुमारे ९० टक्के गाळात उतरतो. तो गाळ शेतात पसरला तर पारा मातीत जातो, जाळला तर हवेत. केंद्राने पारा पाण्यातून काढला हे खरे, पण संपवला नाही, त्याचा पत्ता बदलला. जो गाळातही उतरला नाही तो नदीत, खाडीत जातो. तिथल्या चिखलातले जिवाणू अशा पाऱ्याचा काही भाग मिथाइल पारा या विषारी संयुगात बदलतात, आणि तो लहान माशाकडून मोठ्या माशाकडे चढत्या प्रमाणात साठत जातो. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात कारखान्याने मिथाइल पारा थेट पाण्यात सोडला होता, आणि १९५६ साली त्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. दवाखान्याच्या गटाराची त्याच्याशी बरोबरी करणे चुकीचे ठरेल; प्रमाण वेगळे, रसायन वेगळे. पण मातेच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला मिथाइल पारा काय करतो हे जगाला तिथे कळले, आणि कळल्यावर टाळता येण्याजोगा पारा वाहू देणे मला समर्थनीय वाटत नाही.

शिवाय दवाखान्याइतका सोपा सापळा पाऱ्याच्या प्रवासात पुन्हा कुठे मिळत नाही. काही लिटर पाण्यात, एका नळीत, ठरावीक वेळी, घट्ट कणांच्या रूपात तो हाताशी आलेला असतो. पुढे शहराच्या लाखो लिटर मैलापाण्यात मिसळल्यावर त्याला हुडकून काढणे कुणाला परवडणार?

दुसरा आक्षेप ऐकायला सयुक्तिक वाटतो आणि म्हणूनच जास्त धोक्याचा आहे: अमाल्गमचे दिवस संपले, आता यंत्रांवर खर्च कशाला? दिवस संपत आले आहेत हे खरे. पाऱ्याबाबतचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि अमाल्गमचा वापर कमी करत नेण्याचे बंधन त्याने देशांवर घातले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद ठेवून अमाल्गम बंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत करारातील देशांनी २०३४ पर्यंत त्याचा वापर थांबवण्याचे मान्य केले. हे सगळे निर्णय नव्या फिलिंगबद्दल आहेत. गेल्या अनेक दशकांत भरलेल्या फिलिंग माणसांच्या तोंडात आहेत आणि अमाल्गम टिकाऊ असल्यामुळे त्यांतल्या कितीतरी आणखी वीस-वीस वर्षे राहतील. फिलिंग भरताना पाऱ्याचा थोडासा भागच सक्शनमध्ये जातो. काढताना मात्र अख्खी फिलिंग एअरोटरने फोडून नळीतून जाते. म्हणजे भरणे थांबल्यावरही गटाराचा मुख्य स्रोत चालूच राहतो. उद्या फक्त कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाची बिनपाऱ्याची फिलिंग, भरणारा दवाखाना उघडेल, तो अमाल्गमची कॅप्सूल कधी हातात घेणार नाही, आणि तरीही रोज जुन्या फिलिंग काढत राहील. आमच्याकडे अमाल्गम नाही, असे तो मनापासून म्हणेल. त्याच्या गटारातला पारा शेजारच्या जुन्या दवाखान्यापेक्षा जास्त असू शकेल.

इथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. तोंडातली शाबूत फिलिंग केवळ पाऱ्याच्या भीतीने काढून घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानेही सप्टेंबर २०२० मध्ये हेच सांगितले, कारण काढताना वाफ आणि पूड दोन्ही वाढतात आणि चांगल्या दाताचेही नुकसान होते. भीतीपोटी काढलेली प्रत्येक फिलिंग गटारावरचा भार वाढवते. फिलिंग तोंडात असते तोवर तिच्यातला बहुतेक पारा बंदिस्त असतो. तो मोकळा होण्याच्या वाटा मोजक्या आहेत: फिलिंग काढणे, दात उपटणे किंवा शेवटी दहन. दहनात तो वाफ होऊन हवेत जातो. फिलिंग असलेला उपटलेला दात जाळायच्या किंवा वाफेवर निर्जंतुक करायच्या कचऱ्यात गेला तरी उष्णतेने तेच होते. पूर्णपणे आपल्या हाती असलेली संधी दवाखान्यातच मिळते.

तेव्हा कायद्याने काय विचारावे? माझ्या मते दोन आकडे. वर्षभरात किती अमाल्गम फिलिंग काढल्या आणि तसे किती दात उपटले, हा पहिला. ही माहिती रुग्णांच्या नोंदीत आधीपासून असते, वेगळा खटाटोप लागत नाही. सेपरेटरचा डबा, जाळीतला ऐवज आणि उपटलेले दात मिळून पुनर्प्रक्रियेला किती पारा गेला, हा दुसरा. तो आकडा दवाखान्याने नव्हे, पारा वेगळा करणाऱ्या केंद्राने द्यायचा. तिथे हा माल तापवतात, पारा वाफ होऊन निघतो, थंड करून परत द्रवरूपात पकडतात. त्यामुळे वजन अंदाजाने नव्हे, प्रत्यक्ष कळते. शेकडो फिलिंग काढल्याची नोंद आणि जवळपास रिकामा डबा, अशी जोडी दिसली की तपासनीसाने त्या दवाखान्यात जावे. बाकीच्यांच्या कपाटांत डोकवायची गरज उरत नाही. ब्लीच, बेसिन, भरून वाहणारा डबा, ज्या गोष्टी तपासणीच्या दिवशी कुणालाच दिसत नाहीत, त्या या वजाबाकीत आपोआप उघड्या पडतात.

डॉक्टर म्हणतील, आणखी एक कागद. त्यांची तक्रार रास्त आहे. छोट्या दवाखान्यात एक डॉक्टर आणि एक असिस्टंट सगळे बघतात, आणि सध्याच्या पद्धतीत भरलेल्या डब्याचे काय करायचे ही विवंचनाही त्यांच्याच गळ्यात असते. पारा वेगळा करणारे केंद्र दूर असेल तर तो डबा कोपऱ्यात पडून राहतो आणि एक दिवस साध्या कचऱ्यात जातो. हा भार यंत्र विकणाऱ्यावर टाकावा. नवा डबा देताना जुना परत घेणे त्याच्यावर बंधनकारक असावे, परतीचा खर्च डब्याच्या किमतीतच धरलेला असावा आणि वजनाचा दाखला केंद्राने थेट नियामकाकडे पाठवावा. डॉक्टरांनी फक्त काढलेल्या फिलिंगचा आकडा परवाना नूतनीकरणाच्या अर्जात भरायचा.

परत मिळालेला पारा पुढे कुठे जातो, हेही या हिशेबात धरले पाहिजे. युरोपीय संघाने २०११ पासून आणि अमेरिकेने २०१३ पासून धातुरूप पाऱ्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती तो पारा सोन्याच्या खाणकामात जाऊ नये म्हणून. दवाखान्यातून मोठ्या कष्टाने गोळा केलेला पारा कुठल्या तरी नदीकाठी सोने धुणाऱ्याच्या उघड्या हातात पोहोचणार असेल, तर एका गटारातला पारा उचलून दुसऱ्या नदीत टाकल्यासारखेच झाले. केंद्राच्या दाखल्यावर म्हणूनच आलेल्या वजनाशेजारी आणखी एक रकाना हवा: हा पारा कुणाला दिला आणि कशासाठी.